फासे, कबुतरं आणि घरातला मोबाइल : खेळाच्या व्यसनाकडे पाहणारी ज्यू नजर

न्यायालयात साक्षीला कोणाला उभं करू नये, याची एक फार जुनी यादी आहे. इसवी सन २००च्या आसपास रब्बी यहूदा हनासी यांनी ज्यू धर्मनियमांचं जे संकलन केलं त्याला मिश्ना म्हणतात. त्यातल्या ‘सान्हेद्रिन’ या भागात ही यादी येते. फासे खेळणारा, व्याजाने पैसे देणारा, कबुतरं उडवणारा आणि जमीन पडीक ठेवायच्या सातव्या वर्षातल्या पिकाचा धंदा करणारा, अशा चौघांची साक्ष धरू नये, असं ती सांगते. कबुतरबाज त्यात कसा आला? पुढे तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, याचे दोन अर्थ दिले आहेत. एक, पैजा लावून कबुतरांच्या शर्यती लावणारा. दुसरा, लोकांच्या खुराड्यातली कबुतरं भुलवून आपल्याकडे आणणारा. दोन्ही प्रकारचे लोक आपल्याकडच्या गावांनाही अपरिचित नाहीत.

खरी गंमत कारणांच्या चर्चेत आहे. फासे खेळणाऱ्याने असं काय पाप केलं की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये? तालमूदमधले एक विद्वान रामी बर हामा यांचं उत्तर पैशाचं आहे. हरणारा मनापासून पैसे देत नाही, आपणच जिंकू या आशेवर तो डाव मांडतो; म्हणून जिंकणाऱ्याने घेतलेला पैसा चोरीच्या जवळ जातो. दुसरे विद्वान राव शेशेत यांना हे पटत नाही. त्यांच्या मते मुद्दा पैशाचा नाहीच. हा माणूस जग वसवण्याच्या, चालवण्याच्या कामात भागच घेत नाही, हा त्याचा दोष. आणि मिश्नातच रब्बी यहूदा नावाचे आणखी एक विद्वान अट घालून ठेवतात : फाशांखेरीज दुसरा उद्योगच नसेल तर तो माणूस अपात्र, दुसरा कामधंदा असेल आणि फावल्या वेळात खेळत असेल, तर त्याची साक्ष चालेल.

व्हिडिओ गेमच्या व्यसनाबद्दल आज घराघरांत जे वाद चालतात ते या तीन मतांच्या बाहेर फारसे जात नाहीत. पैसा गेला म्हणून वाईट, की वेळ गेला म्हणून वाईट? आणि किती खेळलं म्हणजे अति?

पैशाच्या प्रश्नावर भारतीय संसदेने २०२५मध्ये उत्तर दिलं. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्टला लोकसभेत, २१ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले. रमी असो, पोकर असो की क्रिकेटचा काल्पनिक संघ लावणं असो, कौशल्य की नशीब हा जुना कोर्टकज्जा बाजूला ठेवला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रामी बर हामा यांना हा कायदा आवडला असता, कारण हरणाऱ्याला इथे गुन्हेगार न मानता लुबाडला गेलेला मानलं आहे. या कायद्याच्या महिनाभर आधी महाराष्ट्राचे तत्कालीन कृषिमंत्री विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी उघडून बसल्याचा व्हिडिओ गाजला होता. मी फक्त जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. पुढे त्यांचं कृषी खातं काढून त्यांच्याकडे क्रीडा खातं देण्यात आलं. यावर टीकाटिप्पणी करायची गरज वाटत नाही.

वेळेच्या प्रश्नावर उत्तर दिलं ते जागतिक आरोग्य संघटनेने. तिच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत गेमिंगचा विकार ही स्वतंत्र नोंद आहे. मे २०१९मध्ये ती स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. गंमत अशी की त्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. खेळावरचा ताबा सुटणं, इतर आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ सगळ्यांच्या पुढे जाणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं; हे साधारण बारा महिने चालू असेल आणि त्याने शिक्षण, नोकरी, घर यांचं खरोखरच बिघडत असेल तर तो विकार. ‘दुसरा उद्योगच नसेल तर’ ही रब्बी यहूदांची अट वैद्यकीय भाषेत मांडली तर अशीच मांडावी लागेल. या नोंदीला विरोधही झाला. २०१७मध्ये संशोधकांच्या एका गटाने खुला निबंध लिहून म्हटलं की पुरावा अजून कच्चा आहे, आणि अशाने साध्या खेळकर पोरांवर आजाराचा शिक्का बसेल. त्या आक्षेपात तथ्य आहे. दिवसाला दोन तास खेळणारा, अभ्यास करणारा, जेवायला हाक मारल्यावर कुरकुरत का होईना पण उठणारा मुलगा आजारी नसतो. आपल्याकडे ‘पब्जीचं व्यसन’ हा शब्द आईबाप फार सैल हाताने वापरतात.

आता प्रश्न उरतो तो घराचा. कायदा कंपनीला अडवतो आणि दवाखाना टोकाला गेलेल्या रुग्णाला सांभाळतो. या दोहोंच्या मधला जो मोठा पट्टा आहे, म्हणजे रोज संध्याकाळचं भांडण, जेवणाच्या ताटाशेजारी उभा केलेला फोन, रात्री पांघरुणातला उजेड, तो कायद्याला दिसत नाही आणि डॉक्टरपर्यंत पोचत नाही. ज्यू परंपरेकडे पाहण्यासारखं जे आहे ते याच पट्ट्यात आहे.

बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, जालना जिल्ह्याच्या सीमेजवळ असलेल्या धाडच्या वाचकाने विचारावं की आमचा न् ज्यूंचा काय संबंध? कोकणातल्या माणसाने हे विचारलं नसतं. अलिबाग, पेण, रेवदंडा, पनवेल या पट्ट्यात बेने इस्रायल नावाचा मराठी बोलणारा ज्यू समाज शतकानुशतकं राहिला. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची आख्यायिका. गावागावांतून ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, हे नावही आपल्याकडे होतंच. म्हणजे आठवड्यातला एक दिवस ठरवून हत्यार खाली ठेवायचं, ही कल्पना मराठी गावाला परकी नव्हती. केहिमकर, राजपूरकर, पेणकर, नवगावकर अशी आडनावं लावणाऱ्या या समाजाने कीर्तनं मराठीतून केली, वल्हांडणाच्या सणाला वाचायचा हगादा मराठीत छापला. स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीस हजारांच्या घरात होता. आज बहुतेक जण इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बेरशेबा अशा शहरांत आहेत आणि इकडे काही हजार उरले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

शनवार तेल्याच्या शनिवारात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घाणा बंद ठेवायला एकट्या माणसाला मनाशी झगडावं लागत नव्हतं. त्याचा भाऊ बंद ठेवायचा, चुलता बंद ठेवायचा, आणि गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचं की आज तेल मिळणार नाही. संयम समाजाच्या वेळापत्रकातच होता. तो प्रत्येकाने रोज नव्याने आतून काढायचा नव्हता. गेमच्या व्यसनाबद्दल ज्यू परंपरेतून उचलण्यासारखी गोष्ट विचाराल तर मी हीच सांगेन. आपण उलटं करतो. चौदा वर्षांच्या पोराच्या हातात जगातल्या हुशार अभियंत्यांनी बनवलेली वस्तू देतो आणि त्याला सांगतो, मनावर ताबा ठेव.

ती वस्तू कशी बनवली आहे तेही पाहिलं पाहिजे. पब्जीसारख्या खेळाची एक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, फ्री फायरची दहाएक मिनिटं. चालू मॅच मध्येच थांबवता येत नाही. ‘एक मॅच संपू दे’ हे मुलाचं वाक्य त्यामुळे नेहमीच बहाणा नसतं. स्क्वॉडमधले तिघे मित्र त्याच्या भरवशावर असतात, मध्येच उठला तर त्यांची रँक जाते. रोज हजेरी लावली की बक्षीस, सलग सात दिवस लावली तर मोठं बक्षीस, एक दिवस चुकला की मालिका तुटली. पेटी उघडली की आत काय निघेल ते ठाऊक नाही, कधी भारी स्किन म्हणजे पात्राचा पोशाख, कधी काहीच नाही. अनिश्चित बक्षिसाने प्राणी जितका कळ दाबत राहतो तितका ठरावीक बक्षिसाने दाबत नाही, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच दाखवलं होतं. (मिश्नातला कबुतरबाज इथे पुन्हा भेटावा हा योगायोग आहे.) बेल्जियमने २०१८मध्ये पैसे घेऊन विकलेल्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्याखाली आणल्या. भारताचा २०२५चा कायदा पैसे जिंकून देणाऱ्या खेळांना धरतो. डायमंड किंवा यूसी हे खेळातलं चलन विकत घेऊन पोशाख घालण्याच्या खेळाला धरत नाही.

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणाऱ्या घरात यातलं बरंचसं आपोआप मोडतं. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी, रूढीप्रमाणे अठरा मिनिटं आधी, घरातली बाई दिवे लावते. तिथून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत, सुमारे पंचवीस तास, ऑर्थोडॉक्स घरात फोन, टीव्ही, संगणक बंद. मिश्नाने शब्बाथला वर्ज्य कामांचे एकोणचाळीस प्रकार सांगितले आहेत, त्यात वीज अर्थातच नाही. विसाव्या शतकात रब्बींनी ती कोणत्या प्रकारात बसवायची यावर बराच खल केला. कोणी विस्तव पेटवणं म्हटलं, कोणी बांधकाम, कोणी सरळ रूढी म्हटलं. निष्कर्ष मात्र एकच निघाला. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने २०१२मध्ये या विषयावर सविस्तर निर्णय दिला आणि वेगळ्या वाटेने जाऊनही पडद्याच्या यंत्रांना शब्बाथला बाहेरच ठेवलं. रिफॉर्म पंथीयांनी हा प्रश्न व्यक्तीवर सोडला आहे.

नुसतं ‘वापरू नका’ म्हणून हा नियम थांबत नाही. शब्बाथला जे वापरायचं नाही ते हातातही घ्यायचं नाही, अशी त्याच्याभोवती दुसरी चौकट आहे. फोन खिशात ठेवून मी उघडणार नाही असं म्हणणं त्या चौकटीत बसत नाही. तो कपाटातच जातो. कुंपणाभोवती कुंपण घालायची ही पद्धत बाहेरच्यांना कर्मठ वाटते. पण ज्याने कधी तंबाखू सोडली आहे त्याला पुडी खिशात ठेवून तंबाखू सुटत नाही हे सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट, वेळ बापाने ठरवलेली नसते. ती पंचांगात छापलेली असते, सूर्याने ठरवलेली असते. त्यामुळे ‘अजून पाचच मिनिटं’ ही वाटाघाट बापाशी करून उपयोग नसतो. तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची : नियम घरातल्या सगळ्यांना एकच आहे. बापाचा व्हॉट्सॲप ग्रुप, आईची मालिका, मुलाची मॅच, तिन्ही एकाच वेळी थांबतात. हजेरीची मालिका दर आठवड्याला तुटते, म्हणून ती मालिका जपण्याचा हट्ट मूळ धरत नाही. आणि काढून घेतलेल्या वेळात काहीतरी ठेवलेलं असतं. शुक्रवारी रात्री आईबाप मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात, किद्दूशची प्रार्थना म्हणतात, गाणी होतात, जेवण लांबतं. कोकणातल्या बेने इस्रायल घरात किद्दूशला द्राक्षाच्या दारूऐवजी मनुकांचं सरबत असे, आणि मांसासोबत दूध चालत नाही म्हणून कालवणाला नारळाचं दूध. धर्मग्रंथांचं एकही पान न वाचलेल्या पोरालाही शुक्रवारच्या त्या कालवणाचा वास ठाऊक असतो.

हे सगळं वाचून ज्यू घरं म्हणजे गेममुक्त घरं असा समज होऊ नये. तसं मुळीच नाही. २०११च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑर्थोडॉक्स शाळांत ‘हाफ शाबिस’ हा शब्द गाजला. अर्धा शब्बाथ. बाकी सगळे नियम पाळायचे, पण खोलीत जाऊन गुपचूप मित्रांना मेसेज करायचे, अशी पाळणारी मुलं निघाली आणि समाजाला धक्का बसला. शिवाय शनिवारी रात्री तीन तारे दिसले रे दिसले की तुटून पडायचं, पहाटेपर्यंत खेळायचं, हेही होतं. आपल्याकडे यालाच एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात. इस्रायलमध्ये अतिधार्मिक समाजाने इंटरनेट नसलेले ‘कोशर’ फोन काढले; २० मे २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर इंटरनेटच्या धोक्यांवर सभा भरली, चाळीस हजारांवर पुरुष जमले. घरात मुलांशी रोज झगडणाऱ्या बायकांना मात्र त्या मैदानात जागा नव्हती. त्यांनी ती सभा दुसरीकडे बसून, पडद्यावर पाहिली. नेमकं काय चुकतंय याचा हा चालताबोलता नमुना होता.

बंदीने सगळं सुटत नाही हे त्या परंपरेला स्वतःलाच माहीत आहे, आणि त्याचा सगळ्यात बोलका पुरावा व्हेनिसचा आहे. लिओने मोदेना (१५७१–१६४८) हा तिथला नामांकित रब्बी, वक्ता, लेखक. कोवळ्या वयात त्याने जुगाराच्या बऱ्यावाईटावर दोन मित्रांचा संवाद लिहिला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो छापला गेला आणि पुढे शतकानुशतकं वाचला गेला. आणि हाच माणूस आयुष्यभर जुगारात हरत राहिला. आत्मचरित्रात त्याने हरलेले पैसे, केलेल्या प्रतिज्ञा, मोडलेल्या प्रतिज्ञा असं सगळं लिहून ठेवलं आहे. समाजाच्या पुढाऱ्यांनी जुगारावर बहिष्काराचा हुकूम काढला तेव्हा त्याविरुद्ध शास्त्राधार देऊन लढणारा मोदेनाच होता. अशा हुकमाने लोक सुधारणार नाहीत, उलट आणखी एक पाप त्यांच्या माथी बसेल, असा त्याचा सूर. स्वार्थ होता, पण मुद्दा खोटा नव्हता. त्याच आत्मचरित्रात पोटासाठी केलेल्या सव्वीस उद्योगांची यादी आहे. म्हणजे ‘दुसरा कामधंदा असेल तर चालेल’ या कसोटीवर मोदेनाची साक्ष सव्वीस वेळा ग्राह्य ठरते, आणि तरी तो व्यसनी होता. रब्बी यहूदांची कसोटी समाजाला पुरते, घरच्यांना पुरत नाही, हे यातून कळतं. युधिष्ठिराकडेही राज्याचा कारभार होताच.

मग व्यसनी माणसाने काय करावं? तालमूद यावर थेट बोलतो. फासे खेळणाऱ्याचं परत येणं कधी खरं मानावं? त्याने फासे मोडले आणि फुकटसुद्धा खेळेनासा झाला तेव्हा. ही ‘फुकटसुद्धा’ची अट पाहून थबकायला होतं. रमीचे ॲप नव्या गिऱ्हाइकाला आधी ‘प्रॅक्टिस गेम’ फुकट देत, आणि सोडून गेलेल्याला बोनस पाठवून बोलावत. परतीची वाट फुकटातूनच जाते, हे दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी नोंदवून ठेवलं होतं. मात्र हा नियम पैशाच्या जुगाऱ्यासाठी आहे. तो सरसकट बारा वर्षांच्या मुलाच्या फुटबॉलच्या गेमला लावणं म्हणजे सुताराच्या पटाशीने दात काढणं.

मायमोनिडीज (११३८–१२०४) इथे जास्त उपयोगी पडतो. तो धर्मशास्त्री होता आणि इजिप्तमध्ये वैद्यही होता. स्वभावाच्या नियमांबद्दल लिहिताना तो म्हणतो की काही माणसांचं मन आजारी असतं, त्यांना कडू गोड लागतं. त्यांनी जाणत्यांकडे जावं, जसं शरीराचा रोगी वैद्याकडे जातो. एका टोकाला गेलेल्याने काही काळ दुसऱ्या टोकाला राहावं, आणि मग मध्यावर यावं. म्हणजे पूर्ण बंद हा औषधाचा काळ आहे, जगण्याची रीत नव्हे. जे शास्त्राने निषिद्ध केलेलं नाही ते स्वतःवर उगाच निषिद्ध करून घेणाऱ्यांनाही तो झापतो. गिरोनाचा नहमानिडीज (११९४–१२७०) दुसऱ्या बाजूने बजावतो : प्रत्येक नियम पाळूनही माणूस अधाशी राहू शकतो, परवानगीच्या आत राहून लंपट होऊ शकतो. व्हिडिओ गेम कुठल्या शास्त्रात वर्ज्य नाही. पण वर्ज्य नाही एवढंच पुरेसं नाही, हे त्याच्या म्हणण्यातून घ्यायचं. आणि खेळाबद्दल आकस असेल तर संदेष्टा जखऱ्या पाहावा. पुन्हा वसलेल्या यरुशलेमचं चित्र रंगवताना त्याने रस्ते खेळणाऱ्या मुलामुलींनी भरून टाकले आहेत. मुलांनी खेळू नये असं त्या धर्मात कोणी म्हणत नाही. उलट बापाने मुलाला काय काय दिलं पाहिजे याची तालमूदची यादी तोरा, धंद्याचं शिक्षण, लग्न अशी जात जात काहींच्या मते पोहण्यापर्यंत येते. किती बाप आज पोराला पोहायला शिकवतात, हा उपप्रश्न बुलढाण्यात विहिरी असूनही विचारावा लागतो.

सरकारी बंद्यांचा अनुभव याच्या शेजारी ठेवावा. दक्षिण कोरियाने २०११मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्र ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले. मुलं आईबापांच्या ओळखक्रमांकावर खेळत राहिली, आणि २०२१मध्ये तो नियम मागे घ्यायचं ठरलं. चीनने त्याच वर्षी उलट दिशेने जाऊन अठराखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री आठ ते नऊ एवढाच तास ठेवला. भारताने २ सप्टेंबर २०२०ला पब्जी मोबाइलसह ११८ ॲप बंद केले, पण ते सीमेवरच्या तणावामुळे, मुलांमुळे नव्हे. जुलै २०२१मध्ये तोच खेळ वेगळ्या नावाने परत आला. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर गेला तेव्हा गावोगावच्या पोरांनी दुसऱ्या आवृत्तीवर उडी मारली. कोरिया आणि चीनमध्ये नियम फक्त मुलांना होता. मोठ्यांना कोणी हात लावला नव्हता.

आणि म्हणून मला मोहित्यांच्या वडगावची गोष्ट जास्त मोलाची वाटते. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात हे गाव आहे. १५ ऑगस्ट २०२२पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा होईपर्यंत. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी बोलायचं, वाचायचं. कोविडच्या काळात शाळाच फोनवर आली होती, ती परत वर्गात गेली तरी मुलांच्या हातचा फोन गेला नव्हता, तिथून ही कल्पना निघाली. पुढे बेळगावजवळच्या हलग्यानेही असाच भोंगा लावला. त्या गावांत कोणी तालमूद वाचला असेल असं नाही. पण शब्बाथची तीन अंगं तिथे आहेत : वेळ बापाची नाही, गावाची, नियम मुलांचा नाही, घराचा, आणि सगळ्यांचं एकदम बंद होतं म्हणून स्क्वॉडमधला मित्र ऑनलाइन थांबलेला नसतो. २०२२च्याच नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेने दुसरा रस्ता धरला. अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलच बंद. बान्सी आपल्या विदर्भातलं, म्हणून तिच्याबद्दल आपुलकी वाटते, पण दोन्हींत निवड करायची झाली तर मी वडगावच्या बाजूचा. बाप अंगणात रील पाहत बसला असताना पोराला फोन वर्ज्य करणारा नियम पोराला एकच शिकवतो, की मोठं होणं म्हणजे फोन मिळणं.

धाडला हे कसं बसेल याचा विचार केला तर अडचणी लगेच दिसतात. पंचवीस तास फोन बंद ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात अशक्य आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज येते, विहिरीवरची मोटर मोबाइलच्या स्टार्टरवर चालू होते, सोयाबीन-कापसाचा भाव फोनवर येतो, दुकानदाराचा निम्मा गल्ला क्यूआर कोडवर जमा होतो. कोकणातल्या बेने इस्रायल समाजालाही मुंबईत गिरणी, रेल्वे, सरकारी कचेरीत नोकरी धरल्यावर शनिवार पूर्ण पाळणं जमलं नाहीच. जे जमलं ते त्यांनी ठेवलं, आणि त्यात शुक्रवारचं संध्याकाळचं जेवण सगळ्यात चिवट ठरलं. म्हणून दिवस नाही तर जेवणाचा वेळ धरावा, असं माझं मत. धाडच्या गल्लीत एकादशी धरणारी घरं आहेत तशी रोजे धरणारीही आहेत. ठरलेल्या वेळी सगळ्या घराने एकदम थांबणं आणि सगळ्यांनी एकदम उपास सोडणं म्हणजे काय हे त्यांना बाहेरून कोणी समजावायची गरज नाही. फक्त त्यात मोटरच्या स्टार्टरसाठी एक साधा बटणांचा फोन चालू ठेवावा लागेल, आणि आजोबांच्या बातम्यांचा टीव्हीही बंद करावा लागेल. आजोबांचा टीव्ही हा सगळ्यात अवघड भाग असेल.

जिथे घराच्या नियमाने भागत नाही, मुलगा झोपत नाही, शाळा सुटली, फोन काढून घेतल्यावर अंगावर येतो किंवा जीव द्यायची भाषा करतो, तिथे ज्यू धर्मशास्त्राचं म्हणणं फार सरळ आहे. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मोडावाच लागतो, आणि मोडताना विचारत बसणाऱ्याला ते शास्त्र दोष देतं. मनाचा आजार जीवावर बेतत असेल तर तोही यात येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं क्लिनिक २०१४पासून चालतं. धाडहून ते लांब आहे. जवळचं म्हणाल तर केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे, मराठीतही बोलता येतं. क्रमांक १४४१६. तो शुक्रवारी दिवे लागल्यानंतरही फिरवावा.